मूल पहिल्यांदा शाळेत घालताय? काय विचारायचं, कुठे उभं राहून बघायचं

मूल पहिल्यांदा शाळेत घालताना जवळजवळ प्रत्येक पालक एक प्रश्न हमखास विचारतो: “सीसीटीव्ही आहेत ना?” उत्तर येतं, “हो, सगळीकडे आहेत.” दोन्ही बाजूंचं समाधान होतं आणि विषय फीवर जातो. हा प्रश्न चुकीचा नाही, पण त्याच्या उत्तरातून काहीच कळत नाही.

मी एका शाळेच्या पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीत काही वर्षं काम केलं. तिथे आलेल्या तक्रारी आठवल्या, तर बाई वर्गात समोर उभ्या असताना घडलेलं फार थोडं होतं. बहुतेक सगळं मूल एका मोठ्या माणसाकडून दुसऱ्याकडे जातं त्या फटीत घडलेलं. वर्गातून बाथरूमपर्यंत, व्हॅनच्या दारापासून गेटपर्यंत, शाळा सुटल्याची घंटा आणि आजोबा पोहोचणं यांच्यामधली पंधरा मिनिटं. त्या वेळेपुरतं मूल नक्की कोणाच्या ताब्यात आहे हे कोणालाच धड सांगता येत नाही. म्हणून खालचं सगळं या फटींबद्दल आहे. मूल नर्सरी, ज्युनिअर केजी किंवा पहिलीत चाललंय आणि घरात शाळेचा अनुभव नाही, अशा पालकांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय.

पायरी 1: प्रवेश घेण्याआधी शाळा सुटताना गेटवर उभे राहा

शाळा बघायला बोलावतात तेव्हा सगळं झाडून-पुसून ठेवलेलं असतं, फळ्यावर रंगीत खडूने स्वागत लिहिलेलं असतं. तो फेरफटका घ्या, पण त्याच आठवड्यात एकदा न सांगता, शाळा सुटायच्या वेळी गेटबाहेर उभे राहा. अर्धा तास पुरतो.

काय बघायचं? लहान मुलं रांगेत येतात की लोंढ्याने? बाई गेटपर्यंत येतात की वर्गाच्या दारातूनच “जा” म्हणतात? न्यायला आलेल्या माणसाचं कार्ड वॉचमन खरंच बघतो, की त्याला सगळे ओळखीचेच वाटतात? ज्याला न्यायला कोणी आलं नाही ते मूल कुठे बसतं, आणि त्याच्याजवळ कोण थांबतं? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. चांगल्या शाळेत अशी मुलं आत, ऑफिससमोरच्या बाकावर बसलेली दिसतात आणि एखादी मावशी त्यांच्याशी बोलत असते. वाईट शाळेत ती गेटबाहेर, वडापावच्या गाडीशेजारी उभी असतात. या एका दृश्यावरून शाळेबद्दल जितकं कळतं, तितकं माहितीपुस्तिकेवरून कळत नाही.

सोसायटीच्या तळमजल्यावर किंवा बंगल्यात चालणाऱ्या नर्सरीत मूल घालणार असाल तर ही पायरी अजिबात चुकवू नका. मोठ्या शाळेवर शिक्षण खात्याची थोडीफार नजर असते, पालकांची समिती असते. या छोट्या जागांमध्ये बहुतेकदा तुम्हीच तपासनीस.

पायरी 2: बाथरूम

हा विषय काढायला लोक लाजतात, आणि नेमकी हीच जागा सगळ्यात आधी विचारायची असते.

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या एका शाळेत शिशुवर्गातल्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. आरोपी शाळेतला पुरुष सफाई कर्मचारी होता, कंत्राटी पद्धतीने त्याच महिन्यात आलेला. पालक पोलिसांकडे गेले तर तक्रार नोंदवून घ्यायलाच तासन् तास लागले. 20 ऑगस्टला लोकांनी बदलापूर स्टेशनात रेल्वे अडवून धरली, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि शासनाने लगेच शाळांच्या सुरक्षेबद्दल नवा निर्णय काढला: कॅमेरे सक्तीचे, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, सुरक्षा समिती, सहावीपर्यंतच्या वर्गांसाठी शक्यतो महिला कर्मचारी. त्याआधी, 2022 पासूनच, प्रत्येक शाळेत मुलामुलींच्या सुरक्षेसाठी ‘सखी सावित्री समिती’ असावी असा शासनाचा निर्णय होता. नियम कागदावर असणं आणि शाळेत असणं यात केवढं अंतर पडतं, ते तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

म्हणून प्रश्न असे विचारा. लहान मुलांना शू-शीला कोण नेतं? मावशी रजेवर असतील त्या दिवशी कोण नेतं? या दुसऱ्या प्रश्नावर मुख्याध्यापिका अडखळल्या तर समजा, उत्तर अजून ठरलेलं नाही. लहान मुलांची बाथरूम मोठ्या मुलांपासून वेगळी आहेत का? आतून लागणाऱ्या कड्या आहेत का, आणि मूल आत अडकलं तर बाहेरून उघडता येतात का? सफाई कोणत्या वेळेत होते? मुलं वर्गात असताना पुरुष सफाई कर्मचारी त्या बाजूला जायचं काही कारण नाही. सफाई शाळा भरण्याआधी किंवा सुटल्यावर होऊ शकते, आणि बऱ्याच शाळांत होतेही.

मूल कपडे ओले-घाण करून घेईल तेव्हा ते कोण बदलणार, कुठे बदलणार, हेही आत्ताच विचारून घ्या. चार वर्षांच्या मुलाचं हे महिन्यातून एकदा तरी होतं. जादा कपड्यांची पिशवी दिलीत की त्याच वेळी हे बोलणं सहज होतं, वेगळं अवघडायला होत नाही.

आता कॅमेऱ्यांकडे वळू. “आहेत का” हे विचारू नका. किती दिवसांचं रेकॉर्डिंग साठतं, ते कोण बघतं, आणि बंद पडलेला कॅमेरा कोणाच्या लक्षात येतो, हे विचारा. 2024 च्या निर्णयाने आठवड्यातून किमान तीनदा फुटेज तपासायची जबाबदारी मुख्याध्यापकांवर टाकली आहे, तेव्हा हा प्रश्न आगाऊपणाचा ठरत नाही. कोणी बघतच नसेल तर कॅमेऱ्याचा उपयोग घटना घडून गेल्यावर, तोही रेकॉर्डिंग पुसलं गेलं नसेल तरच.

पडताळणीबद्दल एवढंच लक्षात ठेवा: शिक्षकांची कागदपत्रं शाळेकडे असतातच. खरी फट एजन्सीमार्फत आलेल्या वॉचमन, सफाईवाले, बसवरचे क्लीनर, डान्स-कराटेचे बाहेरचे सर यांच्या बाबतीत. “एजन्सी बघते” हे उत्तर पुरेसं नाही. एजन्सीने दिलेली कागदपत्रं शाळेने पाहिलीत का?

हे सगळं एका दमात, उलटतपासणीसारखं विचारलंत तर समोरचा माणूस मिटतो. माझा अनुभव असा की “मॅडम, आमचं पहिलंच मूल आहे, जरा समजून घ्यायचं होतं” या वाक्यावर बरीच दारं उघडतात. आणि मावशींशी स्वतंत्र ओळख करून घ्या. नाव विचारा, कुठे राहतात विचारा. लहान वर्गाच्या मावशी हे शाळेतलं सगळ्यात कमी पगाराचं आणि सगळ्यात मोठ्या जबाबदारीचं काम. त्यांना तुमच्या मुलाचं नाव माहीत असणं ही फार मोलाची गोष्ट आहे.

पायरी 3: व्हॅन, बस, रिक्षा

इथे पालकांचाच दोष मोठा, हे आधी कबूल करू. नियमातली बस महाग पडते, कोपऱ्यावरचे व्हॅनवाले काका स्वस्तात नेतात आणि अगदी दारात सोडतात. त्या व्हॅनमध्ये मागे सीएनजी सिलिंडरवर फळी टाकून चार मुलं बसलेली असतात, आणि आपण फक्त “काका, हळू चालवा हं” म्हणतो.

महाराष्ट्रात 2011 पासून स्कूलबससाठी वेगळे नियम आहेत. त्यानुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असायला हवी. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात आणि पालकांचा प्रतिनिधीही असतो. तुमच्या शाळेची ही समिती कधी भरली होती ते एकदा विचारून बघा. बसवर वेगनियंत्रक, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी आणि आपत्कालीन दार लागतं. मुलांना चढवायला-उतरवायला मदतनीस लागतो. बसमध्ये मुली असतील तर तो मदतनीस बाईच हवी.

गाडी ठरवण्याआधी करायच्या गोष्टी:

- नंबरप्लेट बघा. भाड्याने मुलं नेणाऱ्या गाडीची प्लेट पिवळी, अक्षरं काळी असतात. पांढरी प्लेट म्हणजे खासगी गाडी. तिला असं भाडं मारायची परवानगीच नाही, आणि अपघात झाला तर विम्याचाही घोळ होतो.
- एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका. फिटनेस, विमा, पीयूसी कधी संपतात ते दोन मिनिटांत दिसतं.
- ठरलेला चालक रजेवर गेला तर बदली कोण येणार, त्याचा नंबर आणि फोटो आधीच मागून घ्या. अनोळखी माणूस सकाळी सातला दारात उभा राहिला की घाईत आपण मूल देऊन टाकतो.
- आपलं मूल कितवं चढतं आणि कितवं उतरतं? पहिलं चढणारं किंवा शेवटी उतरणारं मूल चालकाबरोबर एकटं असतं. जमलं तर मार्ग असा लावून घ्या की दोन मुलं एकाच ठिकाणी शेवटी उतरतील. शेजारच्या बिल्डिंगमधल्या पालकांशी बोललात तर हे सहज जमतं.
- शेवटच्या थांब्यानंतर मागच्या सीटपर्यंत जाऊन कोण बघतं? झोपलेलं मूल गाडीत राहून जाण्याच्या घटना देशात अनेकदा घडल्या आहेत, आणि बंद गाडीत उन्हात जीव जायला फार वेळ लागत नाही.

रिक्षा हाच एकमेव पर्याय असेल, आणि लहान गावांत तो असतोच, तर निदान दोन गोष्टींवर अडून बसा: चालकाच्या शेजारी मूल बसणार नाही, आणि उजवी बाजू जाळीने किंवा दांडीने बंद असेल. दप्तरं बाहेर लटकलेली दिसली तर मुलंही जास्त भरलेली आहेत असं समजा.

गाडीवाल्या काकांशी भांडून उपयोग नाही. पाच-सहा पालकांनी मिळून “आम्ही थोडे जास्त देतो, पण मुलं एवढीच घ्या” असं सांगितलं की बहुतेक जण ऐकतात. पैशाचं गणित त्यांनाही सोडवायचंच असतं.

पायरी 4: मूल कोणाच्या हातात द्यायचं

शाळेला लेखी द्या: आई, बाबा, आजी, अमुक शेजारीण. याशिवाय कोणाकडेही मूल देऊ नये. घरात नवरा-बायकोचा वाद कोर्टात असेल तर ताब्याबद्दलचा कोर्टाचा आदेश शाळेत देऊन ठेवा. आदेश हातात नसेल तर शाळा दोघांपैकी कोणालाच नाही म्हणू शकत नाही, आणि मग गेटवर तमाशा होतो.

अचानक दुसऱ्या कोणाला पाठवावं लागलं तर? घरातला एक परवलीचा शब्द ठरवा. “आईने पाठवलंय” म्हणणाऱ्याला मुलाने तो शब्द विचारायचा. आमच्या ओळखीच्या एका घरात तो शब्द ‘भोपळी मिरची’ होता, कारण मुलीला ती अजिबात आवडत नसे. विसरायचा प्रश्नच नाही. सख्ख्या काकांनाही तो सांगावा लागला, आणि त्यांना ते जरा लागलं. लागू दे.

पायरी 5: इमारत, आग, खाऊ

इथे फार वेळ लागत नाही. 16 जुलै 2004 रोजी तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघराची आग गवती छपराला लागली आणि 94 मुलं गेली. जिना अरुंद होता. तेव्हा जिने बघा: त्यावर सामान, जुनी बाकं, कुंड्या आहेत का? दुसरा जिना कुलूपबंद आहे का? अग्निशामक नळकांड्यावरच्या चिठ्ठीवर पुन्हा भरायची तारीख असते, ती वाचा. शेवटची मॉक ड्रिल कधी झाली ते मोठ्या वर्गातल्या एखाद्या मुलाला विचारा, तो खरं सांगेल.

गावाकडच्या जुन्या शाळांत छताचा प्रश्न खरा. 2017 च्या पावसाळ्यात नगरजवळच्या निंबोडीत जिल्हा परिषद शाळेचं छत कोसळून तीन मुलांचा जीव गेला. गळणारी, तडे गेलेली खोली दिसली तर शाळा व्यवस्थापन समितीत ठराव करून घ्या की त्या खोलीत वर्ग भरणार नाही, आणि त्याची प्रत पंचायत समितीला द्या. नवी खोली येईल तेव्हा येईल, मुलं तोवर व्हरांड्यात बसलेली परवडली.

शालेय पोषण आहार मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने चाखायचा आणि वहीत नोंद करायची असा नियम आहे. 2013 मध्ये बिहारमधल्या सारण जिल्ह्यात तेलातल्या कीटकनाशकामुळे 23 मुलं दगावली होती. चव नोंदवही मागून बघायला पालकाला कोणी अडवू शकत नाही. ॲलर्जी, फिट्स, दमा असं काही असेल तर ते डायरीच्या पहिल्या पानावर, वर्गशिक्षिकेकडे आणि ऑफिसात, तिन्ही ठिकाणी लिहून द्या.

पायरी 6: मुलाशी बोलणं

‘गुड टच, बॅड टच’ आता बहुतेक शाळांत शिकवतात, चांगलंच आहे. पण त्रास देणारा माणूस बहुधा ओळखीचा असतो आणि सुरुवात चॉकलेटने, लाडाने करतो. त्या स्पर्शाला मूल वाईट कसं म्हणेल? त्यापेक्षा सोपा नियम शिकवा: चड्डीच्या आतल्या जागेला हात फक्त आई, बाबा किंवा आजीने, तोही धुवायला, डॉक्टरांनी, तोही आई समोर असताना. शाळेत मावशी धुवायला मदत करत असतील तर त्यांचं नाव घेऊन सांगा. आणि दुसरा नियम: “आईला सांगू नको” असं मोठं माणूस म्हणालं की ते घरी येऊन सांगायचंच. वाढदिवसाचं सरप्राइज वेगळं, ते दोन दिवसांत सगळ्यांना कळतं.

अवयवांना खरी नावं द्या. ‘शेम शेम’ म्हणून शिकवलेली जागा दुखली तर मूल आधी लाजतं, मग गप्प बसतं. आणि घरी आलेल्या पाहुण्याला “पापी दे बघू” असा हट्ट करू नका. नको म्हणायचा सराव घरातच होतो. हे सगळं मुलग्यांनाही तितकंच लागू आहे. ‘मुलगा आहे, त्याला काय होतंय’ या समजुतीमुळे मुलग्यांचं फार उशिरा कळतं.

शाळेतून आल्यावर “आज काय केलं?” याला “काही नाही” हेच उत्तर मिळतं. त्याऐवजी बारीक विचारा. डबा खाताना शेजारी कोण होतं? शूला कोण घेऊन गेलं? व्हॅनमध्ये कुठे बसलास? रोज नाही, अधूनमधून, भाजी निवडता निवडता. उत्तर ऐकताना तुमचा चेहरा बदलू देऊ नका. मुलं चेहरा वाचतात आणि वाक्य अर्ध्यावर सोडतात.

अचानक शाळेला जायचं नाही म्हणणं, एखाद्या व्यक्तीचं नाव काढलं की गप्प होणं, दिवसभर शू रोखून धरणं, अंथरूण ओलं करायची सुटलेली सवय पुन्हा लागणं, याची दरवेळी भयंकरच कारणं असतात असं नाही. कधी नुसतं बाथरूम अंधारं असतं. पण दोन-तीन गोष्टी एकदम दिसल्या तर शोध घ्या.

पायरी 7: मुलाने काही सांगितलं तर

आधी फक्त ऐका. “मला सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही” एवढं म्हणा. पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका, “काकांनी हात लावला का?” असे उत्तर सुचवणारे प्रश्न तर नकोतच. मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळ घालून लिहून ठेवा. प्रकार नुकताच घडला असेल तर कपडे धुऊ नका, आंघोळ घालू नका, कपडे कागदी पिशवीत ठेवा.

मग थेट पोलिसांकडे. फोन करायचा तर 112, मुलांसाठीची मदतवाहिनी 1098. शाळेच्या ‘अंतर्गत चौकशी’ची वाट बघायची नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्यात मुलावरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या कर्मचाऱ्याचा असा गुन्हा दडपला तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. “शाळेचं नाव खराब होईल, आपापसात मिटवू” असं कोणी म्हणालं तर त्यांना हे शांतपणे सांगा.

पोलिसांसमोर तुमचे हक्क काय? मुलाचा जबाब घरी किंवा मुलाला बरं वाटेल तिथे घेता येतो. शक्यतो महिला अधिकारी, आणि गणवेशात नाही. त्या वेळी पालक किंवा मुलाचा विश्वासू माणूस सोबत असतो. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करतात, आणि तातडीच्या उपचारांसाठी दवाखाना आधी पोलिसांचा कागद मागू शकत नाही. ‘हद्द आमची नाही’ म्हणून परत पाठवता येत नाही, शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवावाच लागतो. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. बालकल्याण समितीमार्फत मुलासाठी साहाय्यक व्यक्ती मिळू शकते. ती कोर्टापर्यंत सोबत करते, म्हणून ती जरूर मागा.

आणि व्हॉट्सॲपच्या पालक ग्रुपवर काहीही टाकू नका. मुलाची ओळख उघड करणं कायद्याने गुन्हा आहे, आणि वर्ग-तुकडी-इमारत एवढं लिहिलं तरी ओळख पटते. दुसऱ्याच्या मुलाबद्दलचा असा मेसेज आला तर तो पुढे ढकलू नका.

पायरी 8: रोजच्या तक्रारी

मारामारी, चिडवणं, बाईंनी दिलेला धपाटा, उन्हात उभं करणं, हे सगळं पोलिसांकडे नेण्याचं नसतं, पण सोडून देण्याचंही नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींवर बंदी आहे. “आमच्या वेळी छड्या खाल्ल्या, काय बिघडलं?” हा आजोबांचा युक्तिवाद घरात चालेल, शाळेत नाही.

आधी वर्गशिक्षिकेला भेटा, शाळा सुटल्यावर, मूल समोर नसताना. फरक पडला नाही तर मुख्याध्यापकांना कागदावर अर्ज द्या आणि तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. तोंडी तक्रार आठवड्याने कोणालाच आठवत नाही, शिक्का मारलेला अर्ज फायलीत राहतो. त्यापुढे पालक-शिक्षक संघ किंवा शाळा व्यवस्थापन समिती. व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. तिथेही काम झालं नाही तर तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, जिल्ह्याला शिक्षणाधिकारी, मुंबईत शिक्षण निरीक्षक, आणि शेवटी राज्य बाल हक्क संरक्षण आयोग.

खासगी शाळांत पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची निवड सोडतीने होते. नाव द्या. तिथे बहुतेक वेळ स्नेहसंमेलनाच्या कपड्यांच्या रंगात जातो, हे खरं. पण बाथरूमच्या कड्या, बदली मावशी आणि सफाईची वेळ हे विषय तिथेच पत्रिकेवर घेता येतात, आणि चार पालकांनी एकत्र मांडलेला विषय शाळा टाळत नाही.

हे सगळं जूनमध्ये केलंत तरी दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा पुन्हा फेरी मारा. मावशी बदलतात, व्हॅनचा चालक बदलतो, गाडीचा विमा संपतो, कॅमेरा बंद पडतो. जूनमधली फोन नंबरांची यादी डिसेंबरात निम्मी जुनी झालेली असते.